गोरखचिंचेच्या एका पानासाठी सुरत ते मांडू

मांडूला लोक जहाज महाल बघायला जातात, रूपमतीच्या मंडपात उभं राहून फोटो काढतात आणि परत येतात. आम्ही तिघं गेलो ते एका झाडाचं पान आणायला. हसू आलं असेल तर हसून घ्या, मलाही निघताना हसूच येत होतं. परत आले तेव्हा मात्र डोक्यात एवढा गोंधळ होता की तो अजून निवळलेला नाही, आणि तो तुमच्यापुढे मांडावा म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

आधी घरची माणसं सांगते. आबा म्हणजे माझे वडील, सुरतेतल्या नवागामला राहतात. उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात गेली, त्यामुळे बोलतात मोठ्यानं आणि ऐकतात सोयीनं. सोनल माझी धाकटी बहीण, लग्न तिचं. आणि मी वर्षा, पर्वत पाटियाजवळच्या एका साडी मार्केटमध्ये प्रिंट निवडायचं काम करते आणि सुट्टी मिळाली की गाडी काढते.

आता देवकाचं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसवतात. प्रत्येक घराण्याचं देवक वेगळं असतं, कुणाचं उंबर, कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस. त्याची डहाळी मांडवाच्या मेढीला, म्हणजे मुख्य खांबाला, बांधल्याशिवाय पुढचं काही होत नाही. आणि ज्याचं जे देवक, त्यानं ते झाड तोडायचं नाही, जाळायचं नाही, त्याचं फळ तोंडात घालायचं नाही. लग्नापुरती एक डहाळी घ्यायची, तीही हात जोडून आणि विळा न लावता. आमचं देवक गोरखचिंच. शिरपूरच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे गावाबाहेर हे एकच झाड होतं. पाच जणांनी हात धरले तरी खोड कवेत यायचं नाही. पान पंजासारखं, पाच बोटांचं. आबांचं लग्न त्याच पानावर लागलं, माझंही त्याच पानावर लागलं.

गेल्या पावसाळ्यात ते झाड पडलं. सोनलचं लग्न ठरलेलं, वाडी, म्हणजे लग्नाचा हॉल, बुक झालेली, पत्रिका छापून आलेल्या आणि देवकाचा पत्ता नाही. सोनलच्या सासरच्यांनी सुचवलं की पंचपालवी लावू, पाच झाडांची पानं, कितीतरी घराणी तसंच करतात. आबांनी ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"पान नही तं देवक नही. देवक नही तं मांडव नही."

म्हणजे झालं. आबांचा हा स्वर आम्ही लहानपणापासून ओळखतो. सोनल आत जाऊन रडली, मी फोन घेऊन बसले. मांडूच्या पठारावर गोरखचिंचेची शेकडो झाडं आहेत हे मी कुठल्याशा फोटोत पाहिलं होतं. आबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून खोड बघितलं, बोटांनी मोठं करून बघितलं आणि विचारलं, "कधी निघानं?"

आम्ही जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी निघालो. उतरायण होऊन गेली होती तरी दिंडोलीच्या पुलावर पतंगाचा मांजा अजून विजेच्या तारांवरून लोंबत होता, तेव्हा या दिवसांत दुचाकीवर येणाऱ्यांनी गळ्याला रुमाल गुंडाळा. आमच्याकडे वॅगनआर आहे, सीएनजीवरची. टाकी सुरतेतच गच्च भरून घ्या, पुढे पंप आहेत पण रांगेचा भरवसा नाही. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, साक्री, धुळे असा सरळ रस्ता आहे. सोनगडच्या आसपास काम चालू असल्यानं गाडी नाचते, बाकी रस्ता लोण्यासारखा. टोल बरेच लागतात, फास्टॅगमध्ये पैसे टाकून निघा.

आता माझा पहिला घोळ. झाड पडल्यावर मी त्याच्याबद्दल वाचायला लागले होते. पहिल्याच पानावर लिहिलेलं की हे झाड मूळचं आफ्रिकेचं. मी चक्रावले. आमच्या खापरपणजोबांचं देवक आफ्रिकेचं कसं? पुढे वाचलं तर त्याची भावकी आणखीनच विचित्र. बहुतेक जाती मादागास्कर बेटावर, एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर आणि एक पार ऑस्ट्रेलियाच्या टोकाला. मधे सगळा समुद्र. मग वाचलं की कोणे एके काळी भारत मादागास्करला चिकटलेला होता. तिथून तुटला, एकटाच उत्तरेला सरकत राहिला आणि आशियाला येऊन धडकला. माझी ट्यूब पेटली. सोनगडच्या चढावर मी आबांना मोठ्या ऐटीत सांगितलं की आपली जमीनच तिकडून आली, झाड बरोबर घेऊन.

आबा एकदम खूश. "म्हंजे जमीन चालत उनी, झाड लईसन?"

"हो."

"ऐक सोनल. आपलं झाड कोणी आणेल नही. जमीननं आणेल शे."

मागच्या सीटवरून सोनल म्हणाली, "आबा, ह्याच्या फळाची पावडर ऑनलाइन मिळते ने. हेल्थवाली. पान पण मिळत असेल, मंगावून घेऊ?" आबांनी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

शिरपूरला जेवलो. शेवभाजी तिखटजाळ, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. तिघांचं बिल सुरतेच्या एका पिझ्झ्यात बसतं. हिवाळ्यात या रस्त्यानं जाणार असाल तर भरीत चुकवू नका, उन्हाळ्यात त्या वांग्यांत तो दम नसतो.

मग गावी थांबलो. झाडाच्या जागी आता तपकिरी धाग्यांचा ढीग आहे. एवढं अगडबंब झाड, पण आत लाकूड असं नाहीच, पाण्यानं भरलेला भुसभुशीत स्पंज. ओलसर काथ्याच जणू. तिथे आबांची थोरली बहीण भेटली. आम्ही तिला फुई म्हणतो. फुईचं सासर-माहेर एकाच गावात, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि भाऊबंदकीतलं कुठलंही देवक तिच्याशिवाय बसत नाही. देवकाचे सगळे नियम तिच्याच तोंडी. कुणाकडून चूक झाली तर फुई भर मांडवात उठवून लावते. माझ्या लग्नात एका चुलतकाकांनी नुसती चप्पल घालून डहाळी धरली तर त्यांना परत आंघोळीला पाठवलं होतं.

फुई ढिगाजवळ उभी होती. आबांना म्हणाली, "तठलं झाड चाली का?" म्हणजे तिकडचं झाड चालेल का.

"जात एकच शे," आबा म्हणाले.

"ठीक शे. पन काही बाही नको करजो."

पळासनेर सोडलं की सातपुड्याचा घाट लागतो. ट्रकांच्या मागे लागून चढायचं, ओव्हरटेक करायचा मोह टाळायचा. बिजासनच्या देवळापाशी चहाला थांबलो तेव्हा फोनला रेंज आली आणि मी आधीच उघडलेलं एक पान पुढे वाचलं. आणि माझी सगळी ऐट उतरली. भारत मादागास्करपासून तुटला तो इतक्या आधी की तेव्हा गोरखचिंच ही जात जन्माला यायचीच होती. जमीन चालत आली हे खरं, पण झाड तिच्याबरोबर नव्हतं. ऑस्ट्रेलियात गेलं ते बहुधा फळ समुद्रावर तरंगत गेलं म्हणून. कवच टणक असतं, आत बी सुरक्षित राहतं. आणि भारतात आलं ते बहुतेक माणसांबरोबर, आफ्रिकेतून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या, खलाशांच्या, गुलामांच्या, शिपायांच्या सामानातून. एकदाच नाही, कितीतरी वेळा.

आता हे आबांना सांगायचं की नाही? माझ्या पोटात काही राहत नाही. सांगितलं.

आबांनी उरलेला चहा ओतून दिला. मग म्हणाले, "आताच तं तू सांगं, जमीननं आणं."

"चुकीचं सांगितलं."

"मंग तेना आधी आपलं देवक काय व्हतं?"

कुठल्या तरी पिढीत आमच्या कुणी पूर्वजानं एका परक्या झाडाकडे पाहून ठरवलं असणार की हे आमचं. का ठरवलं? दुष्काळात सावली मिळाली, की कुणाचं बाळ तिथे जगलं, की गावात दुसरं एवढं मोठं काही नव्हतंच म्हणून? सोनल माझ्या कानाशी लागली, "ताई, तू वाचणं बंद कर. लग्न तर होणार ने?"

खलघाटला नर्मदेवरचा पूल लागतो. पुढे धामनोद गेलं की हायवे सोडायचा आणि मांडूच्या घाटाला लागायचं. वर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. शेवटच्या वळणावर पहिली गोरखचिंच दिसली आणि आबा ओरडले, "थांब, थांब!" मी गाडी थांबवेपर्यंत ते दार उघडत होते.

झाड होतं. खोड तेच, हत्तीच्या पायासारखं सुरकुतलेलं. फांद्या आभाळात मुळं पसरावीत तशा. फांद्यांना लांब देठाची मखमली फळं लोंबत होती. पान मात्र एकही नव्हतं.

"म्हातारं व्हई," आबा म्हणाले. "उद्या दुसरं देखू."

राहायची सोय म्हणाल तर सरकारी निवासस्थान देखणं आहे पण शनिवार-रविवारी आधी बुक करावं लागतं. आम्ही बसस्टॅंडजवळच्या लॉजवर बाराशेत खोली घेतली, गरम पाणी बादलीनं आणून देतात. थंडी चांगलीच असते, शाल घेऊन जा.

रविवारी सकाळपासून आम्ही झाडं बघत हिंडलो. मांडूला झाडं बघायला वेगळं तिकीट लागत नाही, ती रस्त्याच्या कडेला, शेतात, पडक्या मशिदीमागे, शाळेच्या अंगणात, सगळीकडे आहेत. आबा पुढे, मी मागे, सोनल होणाऱ्या नवऱ्याशी फोनवर. पहिलं झाड बोडकं, दुसरं बोडकं, तळ्याकाठचं बोडकं. आबांना वाटलं पाण्याजवळचं तरी हिरवं असेल, तेही बोडकंच. वानरांच्या एका टोळीनं फळं फोडून टरफलं खाली टाकलेली, आबा ती न ओलांडता लुंगी सावरून बाजूनं गेले.

झाडाबद्दल विचारावं तर प्रत्येकाची गोष्ट वेगळी. जहाज महालापाशी गाइड म्हणाला, "अफ्रीका से सुल्तान को भेंट में आया, मैडम." चहावाला म्हणाला, "एक जोगी था, गुस्से में पेड़ उखाड़ के उलटा गाड़ दिया." शाळेपाशी बसलेल्या म्हाताऱ्यानं दोघांनाही मोडीत काढलं. "कहीं से नहीं आया. हमारे दादा के दादा ने देखा है. यहीं का है." आबांनी या म्हाताऱ्याला तंबाखू दिली.

मला सगळेच खरे वाटत होते, हा माझा त्रास. त्या पठारावर उभं राहिलं की कळतं की हे झाड इथे इतकं सुखात का आहे. चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने कोरडे. मांडूच्या राजांनी म्हणून जागोजागी तलाव आणि बावड्या बांधल्या. झाडानं तलाव पोटातच बांधला. पावसात खोड फुगवायचं आणि पाऊस गेला की पानं टाकून द्यायची, कारण पानातून पाणी उडतं. मग गप्प उभं राहायचं. आफ्रिकेच्या गवताळ रानात जे शिकून आलं तेच इथे उपयोगी पडलं. त्याचं फूल संध्याकाळी उमलतं, तिकडे वटवाघळं त्याच्यावर येतात. इथे आल्यावर इथल्या वटवाघळांनाही ते सापडलं. कुणी सांगितलं त्यांना? मादागास्कर समुद्रात एकटं पडलं म्हणून तिथे आपल्याला स्वप्नातही दिसणार नाहीत असे प्राणी झाले, ऑस्ट्रेलिया एकटं पडलं म्हणून कांगारूसारखे पिशवीवाले झाले, आणि एवढ्या कडेकोट बंदोबस्तातून एक चिंचेसारखं आंबट फळ सगळीकडे पोचलं. मग एकटं पडणं म्हणजे नक्की किती एकटं? मी हे आबांना विचारणार होते, पण राहून गेलं.

कारण तोपर्यंत मला दुसरी गोष्ट लक्षात आली होती, आणि ती सांगायची भीती वाटत होती. पानं गळाली ती झाडं म्हातारी म्हणून नव्हे. माघात या झाडाला पान नसतंच. ते थेट उन्हाळ्याच्या शेवटी येतं. आमच्या घराण्यातली सगळी लग्नं आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची, कारण सुरतेचे लोक तेव्हाच सुट्टी काढून गावी येणार. तेव्हा झाड नुकतं पालवलेलं असायचं. आम्हाला वाटायचं ते बारा महिने तसंच असतं, कारण आम्ही त्याच्याकडे बघायला जायचोच लग्नाला. सोनलचा होणारा नवरा इच्छापोरच्या एका कारखान्यात आहे. तिथे मे महिन्यात मोठ्या दुरुस्तीचं काम निघतं, सुट्टी मिळत नाही, म्हणून लग्न माघात धरलं. आमच्या घराण्यातलं हे पहिलं थंडीतलं लग्न.

सांगितलं. आबा एका बुंध्याला टेकून खाली बसले.

"म्हंजे झाड बरोबर शे," ते म्हणाले. "आपलाच टाइम चुकना."

सोनलनं फोन ठेवला होता. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "आबा, तारीख बदलू का? मी बोलते त्यांच्याशी." हे म्हणताना तिचा आवाज अगदी बारीक झाला. वाडीचे पैसे, पत्रिका, त्याची सुट्टी, सगळं तिला माहीत होतं. आबांनी उठून लुंगी झटकली.

दुपारी नीलकंठ महादेवाला गेलो. जरूर जा. पायऱ्या उतरून खाली जायचं, कड्याला लागून देऊळ आहे आणि आतल्या कुंडात झऱ्याचं पाणी वाहत असतं. आबांनी हातपाय धुतले, पिंडीपुढे बराच वेळ बसले. काय मागितलं ते सांगायची गरज नाही. आम्ही दोघी आधी वर आलो.

आता यापुढचं मी स्वतः पाहिलं, तरी मला ते अडवता आलं नाही. आबा पायऱ्या चढून वर आले, धापा टाकत, कपाळाला भस्म. पायऱ्यांच्या तोंडाशी एक बाई चादर पसरून बसली होती. तिनं तळहातावर एक पांढरा खडा ठेवून हात पुढे केला. आबांनी उजवा हात पुढे केला, खडा घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. देवळातून आलेला माणूस, देवळाच्या दारात कुणी पांढरं काही हातावर ठेवलं, तर तो प्रसादच समजणार.

"खट्टा-मीठा है ना बाबा?" ती बाई म्हणाली. "पैकेट चालीस का. पूरा फल लोगे तो साठ."

आणि तिनं चादरीवरचं फळ उचलून दाखवलं. लांब देठाचं, मखमली, एका बाजूनं फोडलेलं. आत अगदी तेच पांढरे खडे, खच्चून भरलेले.

बघा, गंमत कशी. मांडूत येणारा कुणीही परका माणूस त्या खड्याकडे बघून सांगेल की ही गोरखचिंच. आम्हालाच ओळखता येईना. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या ते फळ कुणी फोडलंच नव्हतं. आत पांढरं असतं की काळं हे आम्हाला कळायचं कारणच नव्हतं.

आबांचं तोंड चालायचं थांबलं. त्यांनी खडा थुंकला नाही, गिळलाही नाही, नुसते उभे राहिले. मग त्यांनी बाईला विचारलं, हिंदीत, खूप हळू, "ये वो झाड का है?"

"और किसका होगा बाबा? मांडू की इमली है."

आबांच्या घशाची घाटी वर गेली आणि खाली आली. तोंडात उरली ती काळी बी त्यांनी हातात घेतली आणि खिशात टाकली. सोनलनं माझा हात घट्ट धरला होता. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि कुठलं आधी बाहेर येईल याचा नेम नव्हता. आबांनी आम्हाला एवढंच सांगितलं, "गाडी काढ."

संध्याकाळी दाल-पानिये मागवले. मक्याच्या पिठाचे गोळे पळसाच्या पानात गुंडाळून शेणीवर भाजतात, वर तूप, बरोबर उडदाची डाळ. मांडूला जाऊन हे खाल्लं नाही तर फेरी फुकट. आबांनी ताटाला हात लावला नाही. म्हणाले, पोट भरलंय.

"आबा, चुकून झालं," मी म्हटलं.

"फुईले काय सांगू?"

"नका सांगू. आम्ही तिघंच होतो ना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा घास हातातच धरून बसले.

सोमवारी सकाळी निघताना आबांनी वळणावरच्या त्या पहिल्या झाडाशी गाडी थांबवायला लावली. चप्पल काढून गेले. झाडाला हात लावून उभे राहिले, काही तरी पुटपुटले. खाली वाऱ्यानं पडलेली एक वीतभर काडी होती, ती उचलली आणि रुमालात गुंडाळली. पुढे चारशेच्या वर किलोमीटर ती त्यांच्या मांडीवर होती. बोलले फक्त धुळ्याला, तेही, "सीएनजी भर."

परत आल्यावर लोकांनी विचारलं, काय मिळालं? खर्च सांगायचा तर गॅस, टोल, दोन रात्रींची खोली, जेवण, सगळं मिळून आठ हजाराच्या आत तिघांचं झालं. जायचं कधी असेल तर पावसाळ्यात जा, तेव्हा मांडू हिरवं असतं आणि झाडंही पानांत असतात. उरलेल्या प्रश्नांचं मात्र मी काय करू? आधी वाटायचं की प्रत्येक जमिनीची झाडं-जनावरं तिची तिची असतात, समुद्रानं वेगळं केलं, हवेनं घडवलं, संपलं. आता गोरखचिंच बघितली की कळत नाही की ती कुठली म्हणायची. आणि आपण तरी कुठले? आबा खानदेशातून सुरतेला आले, सोनल मराठीत बोलताना मधेच 'ने' लावते आणि तिला ते कळतही नाही. वाचलं तेवढं गोंधळात भर पडली. मी वाचन मात्र सोडलेलं नाही.

देवकाच्या दिवशी नवागामच्या गल्लीत मांडव घातला होता. मेढ रोवलेली, हळद-कुंकू तयार. गावाहून भाऊबंद आले होते, सगळ्यांच्या पुढे फुई, पाटावर. आबांनी रुमाल सोडला. बोडकी काडी बघून कुजबुज सुरू झाली. एक काका म्हणाले, वाळकी काडी लग्नाला लावतात का, अपशकुन आहे.

"वायेल नही," आबा म्हणाले. "या दिवसमा ते असंच ऱ्हास. आपण कधी देखं नही."

फुईनं काडी हातात घेतली, उलटसुलट केली, नखानं साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. तिनं मान हलवली. झालं, असं मला वाटलं. सोनलनं डोळे मिटले. काडी बांधायला आबांनी दोरा घेतला आणि मधेच थांबले. मी मानेनं नको नको म्हणत होते.

"बाई," आबा फुईला म्हणाले, "मी खादं."

"काय?"

"तेनं फय. तठे. परसाद समजीसन खादं." आणि दोरा तसाच हातात धरून उभे राहिले. "आते तू सांग. मी बांधू का नको."

शेजारच्या कारखान्यातले माग तेवढे चालू होते. फुईनं आबांकडे पाहिलं, मग काडीकडे पाहिलं. चप्पल घातली म्हणून माणसाला आंघोळीला पाठवणारी बाई. फुईनं पदर सावरला, पाटावरून जराशी पुढे वाकली आणि आबांना जवळ बोलावलं. आवाज तिनं खाली आणला होता, पण आम्ही शेजारीच होतो.

"मी तेना खालेच ल्हानानी मोठी व्हयनू," ती म्हणाली. "कसं लागस रे ते?"

आबांनी तिच्याकडे बघितलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आंबट," आबा म्हणाले. "तुले आवडी."

फुईनं काडी त्यांच्या हातात दिली आणि दोऱ्याचं दुसरं टोक स्वतः धरलं.